तो आधी कुठे गेला

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण एका मैत्रिणीच्या घरी जमतो आणि एखादे नाटक मोठ्याने वाचतो. भूमिका वाटून घेतो, पण अभिनय कोणी करत नाही. शब्द कानांवर पडावेत एवढाच हेतू असतो. गेल्या महिन्यात सोफोक्लीस या प्राचीन ग्रीक नाटककाराच्या ‘अँटिगनी’चा शेवटचा भाग चालला होता. थीब्ज नगरावर चाल करून आलेल्या पॉलिनायसिसला कोणी पुरायचे नाही, हा राजा क्रेऑनचा हुकूम त्याची बहीण अँटिगनी मोडते, आणि क्रेऑन तिला जिवंतपणी गुहेत कोंडतो, अशी ती गोष्ट. पाऊस नुकताच थांबला होता, पागोळ्या अजून गळत होत्या आणि स्वयंपाकघरातून चहासाठी आले ठेचल्याचा आवाज येत होता. दूताचे लांबलचक निवेदन आमच्यातल्या सर्वांत तरुण मुलीच्या वाट्याला आले होते. राजा क्रेऑन आपल्या माणसांना घेऊन निघाला, माळाच्या टोकाशी पॉलिनायसिसचे कुत्र्यांनी फाडलेले प्रेत पडले होते तेथे गेला, त्यांनी प्रार्थना केली, त्या देहाला स्नान घातले, जे काही उरले होते ते नुकत्याच तोडलेल्या फांद्यांवर ठेवून दहन केले, त्यावर मायभूमीच्या मातीचा उंच ढीग रचला, आणि मग ते सगळे अँटिगनीला कोंडलेल्या गुहेकडे वळले. येथवर वाचून ती थांबली. तिने मागची दोन पाने उलटली, पुन्हा पुढे आली आणि म्हणाली, “पण नगरातल्या वृद्धांनी तर त्याला आधी मुलीला सोडव म्हणून सांगितलं होतं. मग हा आधी तिकडे का गेला?”

कोणीतरी म्हणाले की नाटककाराला मोठा प्रसंग शेवटी हवा असतो, म्हणून. उत्तर चुकीचे नव्हते. तेवढ्यात चहा आला, कप फिरले, वाचन पुढे सुरू झाले. माझ्या मनात मात्र तो प्रश्न कुसळासारखा रुतून बसला.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण क्रेऑनच्या जागी मला माझे आजोबा दिसू लागले होते.

दुसऱ्या दिवशी मी तो भाग पुन्हा सावकाश वाचला. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस एका मुलाचा हात धरून येतो आणि सांगतो की पक्षी एकमेकांना ओरबाडत भयंकर कलकलाट करत आहेत, कुत्र्या-पक्ष्यांनी आणलेल्या प्रेताच्या मांसाने नगरातल्या वेद्या विटाळल्या आहेत, होमातली चरबी पेट न घेता राखेवर नुसती वितळून ठिबकते आहे. क्रेऑन त्याला पैसे खाल्ल्याचा आरोप करून गप्प करू पाहतो. तेव्हा तो म्हातारा शेवटचे सांगतो: ज्याने भूमीखाली असायला हवे त्याला तू वर ठेवले आहेस, आणि जिने वर असायला हवे तिला खाली लोटले आहेस, या प्रेतांच्या बदल्यात तुझ्या पोटचा एक जीव तुला द्यावा लागेल. तो निघून गेल्यावर क्रेऑन पहिल्यांदाच डळमळतो. काय करू ते सांगा, मी ऐकेन, असे तो थीब्जच्या वृद्धांना म्हणतो. त्यांचे उत्तर अगदी स्पष्ट आहे. जा, मुलीला त्या तळघरातून सोडव, आणि उघड्यावर पडलेल्याला थडगे दे. आणि शक्य तितक्या लवकर जा, कारण देवांकडून येणारी संकटे चपळ पायांची असतात. क्रेऑनही मान्य करतो, वर म्हणतो की मीच तिला बांधले, मीच जाऊन सोडवीन. नोकरांना कुऱ्हाडी घ्यायला सांगतो. तो धावत सुटतो, आणि धावत जातो तो प्रेताकडे.

या क्रमाबद्दल अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. टायरेसियसचा सगळा भर न पुरलेल्या प्रेतावर होता, म्हणून राजाच्या मनात तेच वरचढ ठरले असेल, असे एक म्हणणे आहे. विटाळ नगराला लागला होता आणि क्रेऑन आधी राजा होता, नंतर माणूस, असे दुसरे. मला दोन्ही पटतात, पण पुरेसे वाटत नाहीत. प्रेताला स्नान घालणे कठीण असले तरी त्यात एक सोय आहे. प्रेत डोळे उघडून पाहत नाही. त्याच्यासमोर काही बोलावे लागत नाही. तेथे विधी आहे, क्रम ठरलेला आहे, हातांना काम आहे, आणि आपण चूक सुधारतो आहोत असे स्वतःला सांगत राहता येते. गुहेत मात्र एक जिवंत मुलगी होती. दगड बाजूला केल्यावर उजेड तिच्या तोंडावर पडला असता आणि तिने वर पाहिले असते. त्या नजरेला काय सांगायचे, हे कोणत्याही विधीत लिहिलेले नाही.

क्रेऑनला दुष्ट ठरवून मोकळे होणे मला कधीच जमले नाही. तो रंगमंचावर येतो तेव्हा त्याचे बोलणे एखाद्या जबाबदार माणसाचे आहे: नगर हे आपल्याला वाहून नेणारे जहाज आहे, आणि जो स्वतःच्या आप्ताला देशापेक्षा मोठा मानतो त्याची माझ्या लेखी किंमत नाही. याच ओळी पुढे शंभरएक वर्षांनी, इ.स.पू. ३४३ मध्ये, डेमॉस्थेनीस या वक्त्याने अथेन्सच्या न्यायसभेत आदर्श म्हणून वाचायला लावल्या, आणि त्या ऐकताना कोणाला त्या हुकूमशहाच्या तोंडच्या आहेत असे वाटले असेल असे दिसत नाही. हे नाटक इ.स.पू. ४४१ च्या सुमाराचे मानले जाते. सोफोक्लीस स्वतः त्याच काळात अथेन्सचा निवडलेला सेनापती होता. राज्य चालवणे म्हणजे काय हे त्याला बाहेरून पाहून ठाऊक नव्हते. अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावरच्या डायोनिससच्या रंगभूमीत, वसंतातल्या उत्सवात, नाटके सुरू होण्याआधी युद्धात बाप गमावलेल्या आणि नगराने वाढवलेल्या मुलांना चिलखत घालून सर्वांपुढे उभे करण्याची प्रथा होती. ती मुले नुकतीच पाहिलेले हजारो लोक ‘नगर आधी, घर नंतर’ हे वाक्य ऐकत असतील, तेव्हा त्यांच्या पोटात काय हलले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. देशद्रोह्याला अॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या प्रदेशाच्या, भूमीत पुरू देऊ नये, असा कायदा खुद्द अथेन्समध्येही होता. मात्र सीमेपलीकडे नेऊन त्याला मूठभर माती देण्यास मनाई नव्हती. क्रेऑन तेवढीही वाट ठेवत नाही, आणि त्याच्या न्यायाचे रूपांतर दुसऱ्या कशात तरी होते ते नेमके येथे.

ज्याला आपण सरसकट ‘गर्व’ म्हणतो त्या ‘ह्यूब्रिस’ या ग्रीक शब्दाचा अर्थही नुसता गर्व असा नाही. दुसऱ्याची मानखंडना करून त्यात सुख मानणे, असे त्याचे वर्णन अॅरिस्टॉटल करतो. अथेन्समध्ये त्यासाठी खटला भरता येत असे. आणि या नाटकात हा शब्द राजा त्या मुलीवर फेकतो. नियम मोडला ही एक ह्यूब्रिस, आणि मोडल्याचा अभिमान बाळगून हसते आहे ही दुसरी, असे तो म्हणतो. त्याआधी काही ओळींवर त्याने तिला ऐकवलेले असते की सर्वांत ताठ मनेच सर्वांत आधी कोसळतात, भट्टीत तापवून कडक केलेले लोखंडच तडकते. स्वतःविषयी इतके अचूक भाकीत दुसऱ्याकडे बोट दाखवून करणारा माणूस मी दुसरा वाचलेला नाही.

मराठीत ‘ताठ’ हा शब्द दोन्ही बाजूंनी चालतो. ताठ मानेने जगणे ही स्तुती आहे, आणि ‘भारी ताठा आहे’ ही निंदा. मधली रेषा कोठे आहे, ते शब्द सांगत नाही.

आजोबांच्या बाबतीत गावाला ती रेषा कधी दिसलीच नाही. बांधाचे भांडण असो की भावाभावांतली वाटणी, लोक आमच्या ओट्यावर येत, कारण आजोबांनी एकदा दिलेला शब्द फिरत नसे. त्यांच्या सदऱ्याला नीळ आणि इस्त्रीचा वास येई, टोपीची घडी कधी मोडलेली नसे, आणि ते बसले तरी उभे असल्यासारखे वाटत. १९६८ साली आत्याने स्वतःच्या मनाने, जातीबाहेर लग्न केले, तेव्हा याच माणसाने याच ओट्यावरून सांगितले की माझ्या हयातीत तिने हा उंबरा ओलांडायचा नाही. तोही शब्दच होता. इतरांना दिलेले शब्द पाळणाऱ्या माणसाला हा एक शब्द मोडता येईना. सतरा वर्षे घरात आत्याचे नाव मोठ्याने घेतले गेले नाही. बाबा तिला भेटून येत, पण आल्यावर ‘कामाला गेलो होतो’ म्हणत, आणि आजी त्यांना पाणी देता देता हळूच विचारत असे, “बरं होतं ना सगळं?” त्या ‘सगळं’मध्ये कोण आहे हे आम्हा मुलांनाही कळत असे. हे लिहिताना मला आजोबांचा राग येतो, आणि त्याच वेळी त्यांच्या मांडीवर बसून मी बाराखडी गिरवली त्या मांडीची ऊबही आठवते. दोन्हींपैकी एक खोटे आहे असे मला अजून ठरवता आलेले नाही.

राजाचा मुलगा हेमॉन बापाशी बोलायला येतो, तो प्रसंग मी अनेक वेळा वाचला आहे. अँटिगनीशी त्याचे लग्न ठरलेले आहे, पण तो प्रेमाविषयी एक अक्षर बोलत नाही. तो झाडांविषयी बोलतो. हिवाळ्यातल्या पुराच्या काठी जी झाडे वाकतात ती आपल्या डहाळ्या वाचवतात. जी अडून उभी राहतात ती मुळासकट जातात. महापुरात झाडे वाहून जातात आणि लव्हाळी वाचतात, हे आपल्या कानांत लहानपणापासून बसलेले असल्यामुळे मी या ओळी इतकी वर्षे सहज ओळखीच्या समजून पुढे जात होते. या वेळी थांबले. आपल्याकडे लव्हाळे वाचते ते स्वतः. हेमॉनच्या बोलण्यात झाड वाकते आणि वाचतात त्या डहाळ्या. ताठ राहण्याची किंमत कोणाला द्यावी लागते, हे तो मुलगा बापाला जितक्या आर्जवाने सांगता येईल तितक्या आर्जवाने सांगत होता, कारण डहाळी तोच होता. बापाने ते ऐकले ते एका पोराचे बायकोच्या बाजूने केलेले बोलणे म्हणून. या वयात मी याच्याकडून शहाणपण शिकू का, असे तो वृद्धांना विचारतो.

१९८५ च्या नोव्हेंबरात एका रात्री आठच्या सुमाराला कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आला की आत्या कोल्हापूरला दवाखान्यात आहे आणि तिच्या वडिलांना बोलवा म्हणते आहे. मी अकरा वर्षांची होते. दुकानदार निरोप सांगून गेला आणि घरात कोणीच काही बोलले नाही. आजोबा बराच वेळ कंदिलाची काच पुसत राहिले. मग म्हणाले, “सकाळी जाऊ.” इतकेच. आजीने तोंडाला पदर लावला. पहाटे पाचला त्यांनी अंघोळ केली, धोतर नेसले, कोट चढवला, टोपी घातली. कोल्हापूरची पहिली एस.टी. सहाला होती. बाबा निघाले, आणि आजोबा ओट्यावर बसून राहिले. आजीने विचारले तेव्हा ते म्हणाले, “बँक दहाला उघडते.”

आत्याच्या लग्नासाठी त्यांनी पूर्वी कधीतरी बँकेत मुदतीची ठेव ठेवली होती. तिच्या लग्नानंतर ती मोडायला हवी होती, पण त्यांनी मोडली नव्हती; मुदत संपली की ते मुकाट्याने जाऊन पुन्हा ठेवून येत असत. हे सतरा वर्षे कोणालाही माहीत नव्हते, आजीलाही नाही. त्या सकाळी ते गुपित प्रथमच बाहेर आले. आजी म्हणाली, “अहो, पैसे मागून पाठवता येतील.” त्यावर आजोबा म्हणाले, “सतरा वर्षांनी लेकीपुढं रिकाम्या हातांनी उभा राहू?”

बँक दहाला उघडली, पण रोखपाल साडेदहाला आला. मुदतीआधी ठेव मोडायची म्हणून अर्ज लिहावा लागला, सही जुळेना म्हणून पुन्हा करावी लागली, व्यवस्थापकाची वाट पाहावी लागली. मला हे सगळे इतके तपशीलवार ठाऊक आहे, कारण पुढची अठरा वर्षे घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत असत. एकची गाडी मिळाली. ते पोचले तेव्हा दवाखान्यात दिवे लागले होते. आत्या दुपारी बारा-साडेबारापर्यंत शुद्धीवर होती. तिने बाबांना दोनदा विचारले होते, “आबा निघाले का?” बाबांनी दोन्ही वेळा “निघालेत” म्हणून सांगितले होते. आजोबा आले तेव्हा तिला माणूस ओळखू येत नव्हता, आणि पहाटे ती गेली. बाबा सांगत, आजोबांनी कोटाच्या आतून पैशांची कापडी पिशवी काढली, गादीवर तिच्या हाताशी ठेवली, आणि तिची बोटे त्या पिशवीवर नीट बसवून पाहिली. ती घसरली. त्यांनी पुन्हा बसवली.

डॉक्टरांनी सांगितले होते की सकाळी आला असतात तरी तिचे दुखणे बदलले नसते. फक्त तिने तुम्हाला पाहिले असते.

अँटिगनीने गुहेत गळफास घेतला तो आपल्याच तलम वस्त्राचा. हेमॉन तिच्या कमरेला मिठी मारून रडत होता. वाटेत त्याचा आवाज ऐकून बापाला तो आपल्या मुलाचा असल्याचे लांबूनच ओळखू आले. तिने फास नेमका कधी घेतला, प्रेताला स्नान घालत असताना, फांद्या तोडत असताना, की त्याच्याही आधी, हे नाटक सांगत नाही. क्रेऑन आधी गुहेकडे गेला असता तर ती जिवंत सापडली असती का, हे कोणालाच कळणार नाही, क्रेऑनला तर नाहीच. मला वाटते सोफोक्लीसने त्याला दिलेली खरी शिक्षा ही आहे. मुलगा बापाच्या तोंडावर थुंकला, तलवार उपसून धावला, वार हुकला, आणि त्याने ती स्वतःच्या कुशीत खुपसली. हे सगळे एका क्षणात संपते. पण ‘आधी इकडे आलो असतो तर’ हा विचार संपत नाही. पुढे वृद्धांचा प्रमुख त्याला एकच वाक्य सांगतो: न्याय काय ते तुला दिसले, पण फार उशिरा.

गुहेकडे नेले जात असताना अँटिगनीला नायोबीची आठवण होते. टँटॅलसची ती मुलगी थीब्जमध्येच सून म्हणून आली होती, म्हणजे एका अर्थी त्याच घराण्याच्या अंगणातली. सिपिलस डोंगरावर वेलीसारखा दगड तिच्या अंगावर चढत गेला आणि आता पाऊस आणि बर्फ तिला कधी सोडत नाहीत, असे अँटिगनी गाते. अपत्यहीन मरायला निघालेल्या मुलीने पुष्कळ अपत्यांच्या आईशी स्वतःची तुलना करावी, हे मला पूर्वी विचित्र वाटत असे. नायोबीचा अपराध एवढाच की लेटो देवीला दोनच मुले आहेत आणि मला इतकी, असे ती बोलून गेली. किती, यावर ग्रीक कवींचे एकमत नाही: होमर बारा सांगतो, शोकनाट्यांत बहुधा चौदा, कवयित्री सॅफोकडे अठरा. लेटोच्या त्या दोन मुलांनी, अपोलो आणि आर्टेमिसने, बाणांनी ती सगळी मारली. सॅफोच्या एका कवितेची एकच ओळ उरली आहे, आणि ती अशी की लेटो आणि नायोबी एकमेकींच्या अगदी जिवलग मैत्रिणी होत्या. पुढचे सगळे हरवले आहे. ती ओळ वाचल्यापासून मला ही गोष्ट देवी आणि मर्त्य स्त्रीची वाटत नाही. पारावर दोन मैत्रिणी मुलांविषयी बोलत बसाव्यात आणि एकीच्या तोंडून एक वाक्य जास्तीचे निघून जावे, अशी ती वाटते.

सोफोक्लीसने नायोबीवरही नाटक लिहिले होते. ते हरवले, पण पपायरसच्या फाटक्या तुकड्यांत त्याच्या काही ओळी सापडल्या आहेत. एका तुकड्यात अपोलो बहिणीला विचारतो: ती बघ, आत कोठाराच्या कोपऱ्यात घाबरून एकटीच दडून बसलेली दिसते का तुला? लवकर बाण सोड तिच्यावर. आईच्या बोलण्याशी त्या मुलीचा काय संबंध होता? धान्याच्या रांजणांमागे अंग चोरून बसलेल्या त्या मुलीला आपण कशासाठी मरतो आहोत हेही ठाऊक नसणार. शिक्षा नेहमी गर्व करणाऱ्याला सोडून शेजारी का लागते, याचे समर्थन त्या नाटककारांनी केले आहे असे मला दिसत नाही. त्यांनी फक्त बाण कोणाकडे वळला ते डोळे न मिटता दाखवले. या शिक्षेत न्याय आहे असे कोणी मला सांगू लागले की मला ते कोठार आठवते.

इस्किलस या आणखी एका ग्रीक नाटककाराची ‘नायोबी’ही हरवली, पण तिच्याविषयी एक गोष्ट पक्की ठाऊक आहे, कारण अॅरिस्टोफेनीस या विनोदी नाटककाराने इ.स.पू. ४०५ मध्ये तिची थट्टा केली: या नाटककाराची नायोबी तोंड झाकून नुसती बसून राहते आणि नाटक कितीतरी पुढे सरकेपर्यंत चकार शब्द बोलत नाही. मुलांच्या थडग्यावर बसलेली, पदराने चेहरा झाकलेली आई, आणि भोवती बोलणारे सगळे. मला त्या थट्टेपेक्षा ते दृश्यच जास्त काळ दिसत राहते. याच नाटकातली म्हणून एक ओळ उरली आहे: सर्व देवांमध्ये एकटा मृत्यूच भेटींचा लोभी नाही; त्याला होम चालत नाही, तर्पण चालत नाही, त्याची वेदी नाही. ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले होते. मला ती कापडी पिशवी दिसली होती.

होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या शेवटी मात्र नायोबीची आणखी एक आठवण येते, आणि ती अकिलीसच्या तोंडी. ज्याने हेक्टरला मारले तोच हेक्टरच्या बापाला, प्रायमला, जेवायला बसवतो आणि समजावतो की बारा मुले गमावलेल्या नायोबीनेही रडून थकल्यावर अन्नाची आठवण केली. नऊ दिवस ती मुले पुरण्यावाचून पडली होती, दहाव्या दिवशी देवांनी पुरली, आणि मग ती जेवली. मग दोघे जेवतात. दगड झालेल्या स्त्रीच्या गोष्टीत कोणी जेवणाचा विषय काढील असे आपल्याला वाटत नाही. पण ज्या घरात माणूस गेले आहे त्या घरात शेवटी तोच प्रश्न असतो. आजोबा कोल्हापूरहून परत आले ते दोन दिवस काही खात नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी आजीने पिठले-भात केला, ताट त्यांच्यापुढे ठेवले आणि समोर बसली. शेजारच्या घरी शेंगदाणे भाजल्याचा वास येत होता. त्यांनी भात कालवला, बराच वेळ कालवत राहिले, आणि मग एक घास घेतला. आजी काही बोलली नाही. “पैसे मागून पाठवता येतील,” हे आपले वाक्य तिने त्या दिवशी नाही, आणि पुढे कधीही त्यांना ऐकवले नाही.

यामुळेच युरिडिसीच्या ओळींपाशी मला आजीची आठवण होते. क्रेऑनची ही राणी नाटकात अगदी शेवटी येते आणि तिला फक्त नऊ ओळी आहेत. देवीच्या दर्शनाला निघाले होते, दाराचा अडसर काढत होते, तोच घरातल्या अनर्थाचे शब्द कानी पडले आणि दासींच्या हातांत कोसळले. काय झाले ते पुन्हा सांगा, दुःख मला नवे नाही. एवढेच. नवे नाही, कारण एक मुलगा तिने आधीच गमावलेला आहे. दूत सगळे सांगतो, आणि ती उत्तर न देता आत जाते. फार मोठे मौनही जड असते, असे वृद्ध म्हणतात, आणि दूत तिच्या मागोमाग आत पाहायला जातो. थोड्या वेळाने कळते की वेदीपाशी तिने सुरा उचलला आणि मरताना नवऱ्याला पुत्रघातक म्हटले. आजीने कोणाला काही म्हटले नाही. ती आणखी बारा वर्षे जगली, रोज सकाळी आजोबांच्या टोपीची घडी नीट करत राहिली. तिचे ते न बोलणे क्षमा होती की शिक्षा, हे मी तिला विचारायला हवे होते. मी विचारले नाही.

पॉसेनिअस नावाचा प्रवासी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सिपिलस डोंगरावर नायोबीला पाहायला स्वतः चढून गेला होता. आज तो डोंगर तुर्कस्तानात मनिसा शहराच्या डोक्यावर आहे, आणि तेथला तो खडक लोक अजून दाखवतात. पॉसेनिअस लिहितो की जवळ गेल्यावर तो नुसता कडा आहे, त्याला ना स्त्रीचा आकार ना रडणारीचा. पण लांब गेले की मान खाली घालून रडणारी बाई दिसते. गावातल्या लोकांनी आजोबांना लांबून पाहिले आणि हळहळले. आम्ही जवळ होतो. आम्हाला दिसे तो ओट्यावर ताठ बसलेला माणूस, आलेल्याला बँकेची वेळ सांगणारा.

२००३ साली आजोबा गेले. त्यांच्या ट्रंकेत, कोटाच्या घडीखाली, ती पिशवी निघाली. नोटा तशाच होत्या, वरचे रबर वितळून कागदाला चिकटले होते, आणि आत बँकेची पावती होती, त्या तारखेच्या शिक्क्यासह. बाबांनी ती पिशवी आत्याच्या मुलाला नेऊन दिली. त्याने ती दोन्ही हातांत घेतली आणि कोठे ठेवावी हे न कळून तशीच धरून बसला. क्रेऑनही नाटकाच्या शेवटी हातांविषयीच बोलतो. मुलाचा देह त्याने स्वतः उचलून आणलेला असतो, बायकोचा देह आतून समोर आलेला असतो, आणि तो म्हणतो की मी कोणाकडे पाहू, कशाला टेकू ते कळत नाही. माझ्या हातांत आहे ते सगळे कलले आहे.

या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पुन्हा जमलो. शेवटची काही पाने राहिली होती. सुरू करण्याआधी मी त्या मुलीला म्हटले की तुझ्या प्रश्नाचा मी महिनाभर विचार केला, आणि मला वाटते तो आधी जेथे त्याला काही ऐकून घ्यावे लागणार नव्हते तेथे गेला. ती थोडा वेळ पुस्तकाकडे पाहत राहिली. “पण त्याने त्या प्रेताला आंघोळ घातली,” ती म्हणाली, “स्वतःच्या हातांनी. तेही खरं असेल ना?” मी हो म्हटले. मग मैत्रिणीने दिवा लावला, आणि आम्ही राणी उत्तर न देता आत जाते तेथून पुढे वाचायला घेतले.